विण्याचा पहारा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या ओट्यावर मी संध्याकाळचा बसलो होतो. फोन वाजला. नातवाचा होता. माझ्या थोरल्या मुलाचा हा मुलगा संगणकावरचे काम करतो. कचेरी कुठे आहे असे विचारले तर हसून पाठीवरची पिशवी दाखवतो. काम सगळे लॅपटॉपवर, माणूस कुठेही असला तरी चालते. म्हणून गेली तीन वर्षे तो तीन महिने या देशात, चार महिने त्या देशात, असा हिंडतो आहे. त्या दिवशी तो थायलंडमधल्या चियांग माय या गावी होता. आवाज बसला होता. चार दिवस तापाने पडून होतो म्हणाला. खोलीत एकटा. पाणी संपले की भिंत धरून खाली जायचे आणि बाटली घेऊन वर यायचे.

"अरे, मग कोणाला हाक का नाही मारलीस?"

"आबा, फोनमध्ये दोनशे जणांचे नंबर आहेत. ताप आलाय म्हणून हाक मारावी असा एकही नाही." जरा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही तर जन्मभर हिंडलात. परक्या गावात तुम्हाला माणसं कशी भेटायची?"

सज्जनहो, पन्नास वर्षे मी नारदांच्या गादीवर उभा राहिलो. श्रोत्यांनी नाना शंका विचारल्या. द्वैत-अद्वैताच्या, प्रारब्धाच्या, नामाच्या. जमेल तसे समाधान केले. या पोराच्या प्रश्नाला मात्र मला लगेच उत्तर सुचले नाही. "आधी काढा करून घे, मग सांगतो," एवढे बोलून फोन ठेवला. पुढे बरेच दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही. ते चिंतन आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्याही घरातले कोणी ना कोणी आज दूरदेशी असेलच.

आपली माणसे परदेशी गेली की मंडळ काढतात, ही जुनी रीत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. अमेरिका-कॅनडातल्या मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभे राहिले. गणपती बसतो, दिवाळीला फराळ होतो, मुलांना बाराखडी शिकवतात. फार मोलाचे काम आहे. पण मंडळ हे तिथे घर केलेल्यांचे असते. आमच्या नातवासारखा माणूस गणपतीच्या सभेला गेला, तर दिवाळीपर्यंत तो त्या देशात नसतो. आणि त्याच्यासारखे आता पुष्कळ झाले आहेत, नाना देशांचे. पोर्तुगाल देशाने तर २०२२ साली अशा फिरत्या कामकऱ्यांसाठी निराळा व्हिसाच काढला.

ही मंडळी एकमेकांना भेटतात कशी, तेही मी त्याला नंतर विचारून घेतले. कामाला बसायची भाड्याची मोठी दालने असतात, तिथे शेजारच्या टेबलावर ओळख होते. कोणी फोनवरून सगळ्यांना निरोप धाडतो की आज अमक्या ठिकाणी कॉफीला जमू. कोणी मिळून डोंगर चढायला जातात. म्हणजे भेटी होत नाहीत असे नाही, रोज होतात. तो म्हणाला, "आबा, पहिल्या दिवशी सगळे तीनच प्रश्न विचारतात. कुठला, काय करतोस, इथे किती दिवस? तिसऱ्याचं उत्तर ऐकलं की समोरचा मनातून बाजूला होतो. सहा आठवड्यांनी जाणाऱ्यावर जीव कोण लावणार? मीही लावत नाही."

हे वाक्य मला लागले. कारण एका गावी सहा आठवडे राहणे आम्हा कीर्तनकारांना कधी मिळालेच नाही. आमचा मुक्काम एका रात्रीचा.

मी १९७१ साली आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेतला चार वर्षांचा अभ्यास पुरा करून बाहेर पडलो. जोग महाराजांनी १९१७ साली लावलेले हे रोप. त्याच्या सावलीत माझ्यासारखी कितीतरी खेड्यातली पोरे वाढली. तिथून निघताना जवळ एक पिशवी होती. दोन धोतरे, उपरणे, फेटा, टाळ, ज्ञानेश्वरी आणि गाथा. पुढची पन्नास वर्षे पिशव्या बदलल्या, आतले सामान तेच राहिले. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर, खाली बीड, वर खानदेश. आज इथे सप्ताहातले पाचवे कीर्तन, उद्या तिथे काल्याचे. वर्षातले दोनशे दिवस तरी घराबाहेर जात. एसटीतून उतरले की गाव नवे, माणसे नवी, आणि तरीही त्या पन्नास वर्षांत परके वाटले म्हणून मी कधी रडलो नाही. असे का झाले असेल?

पहिल्यांदा वाटले, कारण सोपे आहे. गळ्यात माळ होती. माळ पाहिली की समोरचा वाकतो, आपण वाकतो, दोघेही एकमेकांना माउली म्हणतो. कुठला, काय करतोस, किती दिवस, यातले काही विचारायच्या आधीच पाया पडून झालेले असते. वय नाही, जात नाही, शेती किती हे नाही. ओळख नंतर, नमस्कार आधी. नातवाला हेच सांगावे असे मनात आले. पण मग वाटले, माळ काही त्याच्या चियांग मायमध्ये कोणी ओळखायचे नाही. आणि नुसत्या माळेने झाले असते, तर माळ घालूनही एकटी राहिलेली माणसे मी पाहिली नसती.

मग एक रात्र आठवली.

१९७८ च्या आसपासची असेल. कन्नड तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका खेड्यात सप्ताह होता आणि दुसऱ्या दिवशी माझे कीर्तन. संध्याकाळची एसटी वाटेत बंद पडली. दुसरी मिळाली नाही. मी पिशवी खांद्याला लावून चालू लागलो. थंडीचे दिवस, अंधार, वाट विचारायला माणूस नाही. दोन वेळा चुकलो. रात्रीचे तीन वाजले असतील, तेव्हा लांब गॅसबत्तीचा उजेड दिसला. जवळ गेलो तसा आवाज ऐकू आला. एकट्याच माणसाचा, बसका, पण लयीत. मारुतीच्या देवळापुढे मांडव होता. मांडवात इकडेतिकडे घोंगड्या पांघरून माणसे झोपलेली. मधोमध एक म्हातारा गळ्यात विणा घेऊन उभा, नामस्मरण चाललेले.

नव्या वाचकांसाठी सांगतो. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस विणा जमिनीला टेकवायचा नसतो. तो गळ्यातून गळ्यात फिरतो. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. दुपारी पहारा असेल तर चार माणसे ऐकायला तरी असतात. रात्री तीनचा पहारा म्हणजे तो माणूस, गॅसबत्ती आणि देव.

म्हाताऱ्याने मला पाहिले. तोंडातले नाम थांबवले नाही. डोळ्यांनीच कोपऱ्यातला माठ दाखवला, मग बाजूची घोंगडी दाखवली. मी पाणी प्यायलो आणि बसून राहिलो. चार वाजता दुसरा पहारेकरी आला. दोघे एकमेकांच्या पाया पडले, विणा या गळ्यातून त्या गळ्यात गेला. मग म्हातारा माझ्याकडे आला, माझी पिशवी उचलली आणि मला घरी घेऊन गेला. त्या वेळी मी कोण हेही त्याला ठाऊक नव्हते. चुलीवर पाणी तापवून दिले, रात्रीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. खाता खाता मी तरुणपणाच्या आगाऊपणाने विचारले, "बाबा, सगळे झोपलेले. कोणासाठी उभे होता?"

तो म्हणाला, "कुणी आलं तर? आन् तुम्ही आलातच की महाराज."

तेव्हा मी हसलो होतो. पुढे कीर्तनात दृष्टान्त म्हणून पुष्कळदा वापरलाही. श्रोते माना डोलवायचे. पण त्याचा अर्थ मला आत्ता, नातवाच्या फोननंतर लागला. मला त्या रात्री गाव सापडले ते मी चांगला चालणारा होतो म्हणून नव्हे. एक माणूस ठरल्या वेळी, ठरल्या जागी उभा होता म्हणून सापडले.

आपली वारीच पाहा. जग म्हणते, वारकरी म्हणजे चालणारा. खरे आहे. पण चालणाऱ्यांची एकमेकांशी गाठ कशी पडते, ते जरा बारकाईने पाहू. आळंदीला शिकत असताना मी माउलींच्या सोहळ्यात चालत असे. रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी. प्रत्येक दिंडीला क्रमांक आणि क्रमांकाप्रमाणे जागा. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या माउली. लाखांच्या गर्दीत म्हातारे माणूस हरवले तरी त्याला दिंडीचा क्रमांक तेवढा आठवला की पुरे. दिंडी जागा सोडत नाही, म्हणून हरवलेला परत येऊ शकतो.

आणि संध्याकाळी तळावरची समाजआरती! ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सगळ्या दिंड्या तळावर गोळा झालेल्या, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि एकदम सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा. कोणाची पिशवी, कोणाचे पैसे, कोणाचे माणूस. मग उद्या किती वाजता निघायचे ते. मग आरती. विचार करा माउली, एवढ्या समाजात एकट्या माणसाचे दुःख ऐकायची रोजची वेळ आणि जागा आपल्या वडीलधाऱ्यांनी बांधून ठेवली आहे. दुःख सांगायला त्याने कोणाचे दार शोधत हिंडायचे नाही.

मुक्कामाचेही तेच. तिथी ठरलेली, गाव ठरलेले. आपल्या पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, हे वाटेवरच्या गावांना कोणी कळवावे लागत नाही. अमकी दिंडी आपल्या ओसरीवर उतरणार म्हणून सासूने सुनेला सांगून ठेवलेले असते. चालणारे दरवर्षी थोडे थोडे बदलतात. ओसरी आणि पिठल्याचे पातेले तिथेच असते. म्हणजे पालखीची निम्मी वारी चालणाऱ्यांची आणि निम्मी वाटेवर वाट पाहणाऱ्यांची. आपण हार घालतो तो चालणाऱ्याला.

आता जे सांगायचे ते जड आहे, पण सांगितल्याशिवाय हे लिखाण खोटे ठरेल.

पुंडलिकनगरात आम्ही घर बांधले त्याला पुष्कळ वर्षे झाली. गारखेड्याच्या गजानन महाराज मंदिरापासून थोडे आत आले की आमची गल्ली. घर बांधले मी, पण त्या घरात राहिली ती आमच्या घरची माउली. मुलांच्या शाळा, आजारपणे, नळाला पाणी कधी येणार त्याचा हिशेब, सगळे तिच्याकडे. मी महिन्यातून चार-सहा दिवस येई, धोतरे धुऊन घेई आणि पुन्हा निघे. एका वर्षी मी बीडकडे सप्ताहात होतो. चौथ्या दिवशी फोन आला, तिच्या छातीत दुखते आहे, दवाखान्यात नेले आहे. मुले तेव्हा पुण्याला. मी विचारले, जवळ कोण आहे? "समोरच्या काकू आहेत." मी म्हटले, मग ठीक आहे. काल्याचे कीर्तन माझ्या नावावर होते, गाव मोडेल असे वाटले. मी तीन दिवसांनी निघालो.

घरी पोचलो तेव्हा ती घरी आली होती. समोरच्या बाई तिला भात भरवत होत्या. मी त्यांचे आभार मानायला हात जोडले आणि लक्षात आले की मला त्यांचे नावही ठाऊक नाही. अकरा वर्षे त्यांचे दार आमच्या दारासमोर होते. त्या गेल्यावर आमची माउली शांतपणे म्हणाली, "तुम्हाला शंभर गावं ओळखतात. मला ही एक ओळखते." रागावली नाही. पुढे सहा वर्षे जगली, पुन्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

त्या काल्याच्या कीर्तनात मी काय सांगितले असेल, सांगा? पुंडलिकाचे आख्यान.

भक्तराज पुंडलिक कोण? कथा तुम्हाला पाठ आहे. तोही वाटसरूच होता. काशीला निघालेला. आईबापांची हेळसांड करून यात्रेचे पुण्य जोडायला निघालेला. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात रात्र काढली. तिथे मळकट वस्त्रांच्या स्त्रिया येऊन सेवा करून उजळून जाताना त्याने पाहिल्या. त्या गंगा-यमुना-सरस्वती होत्या. तीर्थेच जिथे सेवेने शुद्ध व्हायला येतात, तिथे मी तीर्थाला कशाला निघालो, हे त्याला उमगले. तो मागे फिरला आणि आईबापांपाशी थांबला. तो थांबला म्हणून देव चालत आला. सेवा चालली होती, म्हणून त्याने देवाला विटेवर थांबवले. आणि देवही असा की तेव्हापासून तिथेच उभा आहे, कुणी आलं तर म्हणून. म्हणूनच चंद्रभागेच्या वाळवंटातल्या पुंडलिकाचे दर्शन आधी आणि मग राउळातले, असा आपला शिरस्ता.

हे आख्यान मी जन्मात शेकडो वेळा लावले असेल. आणि राहायला होतो पुंडलिकनगरात! गावाचे नाव घेऊन त्या नावाचा अर्थ मी घराबाहेर वाटत हिंडलो. पाच वर्षांपूर्वी गळा बसला, गुडघे गेले, कीर्तने थांबली. माउली त्याआधीच गेली होती. तेव्हा या गल्लीत मी नातवाइतकाच परका होतो. दूधवाला मला विचारायचा, आजोबा, तुम्ही कोणाकडे आलात?

म्हणून नातवाला उत्तर दिले ते मोठेपणाने दिले नाही. दहा-बारा दिवसांनी मीच त्याला फोन लावला. त्याचा ताप उतरला होता. मी त्याला म्हाताऱ्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हटले, "बाळा, माणसं शोधत हिंडू नको. तू कुठेतरी सापडायला लाग. आठवड्यातला एक वार धर, एक वेळ धर, एक जागा धर. तिथे काहीतरी रांधून ठेव. कोणी आलं तर वाढ. नाही आलं तर वेळ मोडू नको."

त्याने दोन शंका काढल्या, दोन्ही रास्त होत्या. पहिली, "आबा, वारीत सगळ्यांचा विठ्ठल एक. इथे प्रत्येकाचा देश निराळा, देव निराळा, कोणाला देवच नाही." मी म्हटले, "अरे, दिंडीत तरी आम्ही आधी मन जुळवतो आणि मग टाळ धरतो का? आधी टाळ हातात येतो, पाऊल पडतं, भूक एकाच वेळी लागते. मनं जुळली तर नंतर जुळतात. पंगतीला बसायला एकमत लागत नाही."

दुसरी शंका खोल होती. "पण मी तीन महिन्यांनी तिथून जाणार. मग कशाला मांडायचं?" यावर मी त्याला पहारा समजावला. सात दिवस कोणीच उभा राहत नाही रे. प्रत्येकाचे दोनच तास. पण आपल्या दोन तासांत विणा टेकू द्यायचा नाही आणि जाताना तो कोणाच्या तरी गळ्यात घालायचा. आपण थोडा वेळ आहोत, म्हणून उभेच राहायचे नाही असे जर प्रत्येकाने ठरवले असते, तर त्या रात्री मला गाव सापडले नसते.

पुढे तो पोर्तुगालला, लिस्बनला गेला. पहिल्या रविवारी फोन आला, आवाजात हसू. "आबा, इथे गावाच्या कडेला ओदिवेलास म्हणून भाग आहे, तिथे गुरुद्वारा आहे. लंगरमध्ये जेवलो."

सज्जनहो, लंगर आपल्याला नवा नाही. नांदेडचे सचखंड हुजूर साहिब आपल्याच मराठवाड्यात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकावर थांबते, तेव्हा सेवेकरी बादल्या घेऊन डब्याडब्यांशी धावतात आणि वाटसरूंना जेवू घालतात. मी स्वतः ती भाजी खाल्ली आहे. गाडी काही मिनिटेच थांबते. पण त्यांची वेळ ठरलेली, जागा ठरलेली.

नातू सांगत होता, तिथे एका वृद्ध सरदारजींनी विचारले, बेटा, कुठला? महाराष्ट्राचा म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, म्हणजे भगत नामदेवजींच्या मुलखातला! हे ऐकून माझे डोळे भरले. आपल्या संप्रदायातला सगळ्यात मोठा फिरस्ता म्हणजे नामदेवराय. ज्ञानोबारायांबरोबर तीर्थे फिरले. १२९६ साली ज्ञानोबारायांनी समाधी घेतली, त्यानंतर ते उत्तरेकडे गेले. त्यांची ६१ पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तिथे ८८ वे मराठी साहित्य संमेलन भरले, त्या निमित्ताने मीही ते पाहिले. भाषा येत नव्हती. पंगतीत दोन्ही हात पुढे केले, हातावर पोळी पडली, भाषेवाचून अडले नाही. तिथले लोक सांगतात, बाबा नामदेव इथे राहिले म्हणून इथे गाव वसले. फिरस्ता असूनही ते घुमानला थांबले. आणि ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यात सातशे वर्षे घरचे होऊन राहिले. आमचा पोरगा लिस्बनमध्ये त्यांच्याच पुण्याईवर जेवला.

मग त्याने दर रविवारी तिथे पोळ्या शेकायची सेवा धरली. आणि राहत्या घराच्या सामाईक स्वयंपाकघरात दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता पिठलेभात मांडू लागला. त्याचे सात म्हणजे आपली मध्यरात्र, तरी मी जागा राहायचो. पहिल्या गुरुवारी एक मुलगी आली, ब्राझीलची. दुसऱ्या गुरुवारी कोणी नाही. फोनवर म्हणाला, "आबा, एकट्यानेच जेवलो." मी म्हटले, "रात्री तीनचा पहारा होता तो." तिसऱ्याला चौघे. पुढे कधी सात, कधी दोन. एकदा त्यांच्यातल्या एका पोराचा हात मोडला, तर गुरुवारच्या मंडळींनी पाळी लावून त्याला डॉक्टरकडे नेले, त्याचे कपडे धुतले. सगळेच जिवाभावाचे झाले असे मी म्हणणार नाही. काही नुसते जेवून गेले. सप्ताहातही काही नुसते जेवायलाच येतात. त्यांनाही वाढायचेच असते.

पाच महिन्यांनी तो निघाला. शेवटच्या गुरुवारी त्याने पळी त्या ब्राझीलच्या मुलीच्या हातात दिली, आणि आपल्याकडची रीत म्हणून तिच्या पाया पडला. ती गोंधळली, मग तीही वाकली. पिठले तिला जमत नाही. ती तिच्याकडचा काळ्या घेवड्याचा भात करते म्हणे. गुरुवार चालू आहे.

आणि या बाजूचे सांगायचे तर, पोराला शिकवता शिकवता मलाच लाज वाटली. म्हणून गेल्या कार्तिकी एकादशीपासून मी रोज संध्याकाळी साडेसहाला ओट्यावर हरिपाठ धरला. पहिले आठ दिवस मी आणि माझा टाळ. मग समोरच्या काकू येऊन बसू लागल्या. आता त्याही थकल्या आहेत, त्यांची मुलगी नागपूरला, मुलगा परदेशी. त्यांचे नाव मला आता ठाऊक आहे, त्यांच्या औषधांच्या वेळाही. एमआयडीसीत कामाला असलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी बिहारची दोन पोरे येतात. शब्द कळत नाहीत, टाळ बरोबर धरतात. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाला ताप आला, तेव्हा तो भिंत धरून पाण्याला गेला नाही. आमच्या ओट्यावर येऊन बसला.

काही दिवस कोणीच येत नाही. पाऊस असतो, लग्नसराई असते. तेव्हा समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे पाहून मन खट्टू होते, खोटे कशाला बोलू? मग कन्नडकडचा तो म्हातारा आठवतो, आणि घरची माउलीही. तिने तर तीस वर्षांचा पहारा एकटीने दिला आणि विणा टेकू दिला नाही. त्या पहाऱ्यातला माझा वाटा फेडायला आता हे थोडे दिवस उरले आहेत.

माउली, तुमची मुले-नातवंडे दूरदेशी असतील तर त्यांना हे सांगा. आणि तुम्ही स्वतः घरीच असाल, तर तुमच्या गल्लीत कोण भाड्याने राहायला आले आहे, एवढे आज संध्याकाळी जाऊन विचारा. या बाजूला कधी आलात, तर गजानन महाराज मंदिरापाशी उतरून कोणालाही टाळांचा आवाज कुठून येतो ते विचारा. साडेसहाला मी ओट्यावर असतो.

रामकृष्णहरी.